एबीसीडी न शिकवणारी इंटरनॅशनल शाळा

पुण्यात 'इंटरनॅशनल स्कूल' म्हटलं की एसी बस, ब्लेझर, आई-बाबांचा इंटरव्ह्यू आणि ऐकूनच घाम फुटेल अशी फी, एवढं सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातली माझ्या लेकीची इंटरनॅशनल शाळा म्हणजे एका रहिवासी इमारतीचा तळमजला आणि मागे चिखलाने भरलेलं अंगण. गणवेश नाही, दप्तर नाही, वह्या नाहीत. टीचरना मॅडम म्हणायचं नाही, सरळ नावाने हाक मारायची. आम्हाला ते महिनाभर जमलं नाही, लेकीला पहिल्याच दिवशी जमलं.

स्वीडनमध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या या शाळेला फोरस्कूला म्हणतात. आमची खाजगी आहे, पण पैसा नगरपालिकेकडून येतो, त्यामुळे फीवर सरकारी मर्यादा आहे. 2002 पासून नियम असा की पहिल्या मुलासाठी घरच्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 3 टक्के, दुसऱ्यासाठी 2, तिसऱ्यासाठी 1, आणि त्यातही उत्पन्न एका मर्यादेपर्यंतच धरायचं. मूल तीन वर्षांचं झालं की त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून वर्षाला 525 तास तर फुकटच. हे मी भारतातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा पुढची दोन मिनिटं फक्त शिव्या ऐकू येतात, त्यांच्या शाळेला.

आता भाषेचं. एक टीचर मुलांशी फक्त इंग्रजीत बोलते, दुसरी फक्त स्वीडिशमध्ये. कुणी भाषांतर करत नाही. मुलांच्या घरच्या भाषा अरबी, फारसी, पोलिश, सोमाली, तेलुगू, आणि आमची मराठी. जेवणाच्या टेबलावर हे सगळं कसं चालतं ते मी सुरुवातीच्या दिवसांत शेजारी बसून पाहिलंय, कारण इथे मूल रुळेपर्यंत आईने किंवा बाबाने सोबत थांबायचं असतं आणि ऑफिसं त्यासाठी मुकाट्याने सुट्टी देतात. लेकीने उजवीकडे वळून इंग्रजीत पाणी मागितलं, डावीकडे वळून स्वीडिशमध्ये बटर मागितलं, कडक राय ब्रेडवर ते स्वतः थापलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू नको लावूस, मला येतं."

पहिल्याच भेटीत मी विचारलं होतं, घरी आम्ही स्वीडिश बोलायला सुरुवात करू का? टीचर जवळजवळ दचकली. म्हणाली, तुमची भाषा तुम्हीच बोला, भरपूर बोला, गोष्टी सांगा. स्वीडिशची काळजी आमच्यावर सोडा. हे तिचं वैयक्तिक मत नव्हे. मुलाची मातृभाषाही वाढेल हे बघणं कायद्याने फोरस्कूलाचं काम आहे. म्हणून भिंतीवर प्रत्येक भाषेतलं 'सुप्रभात' लिहिलेलं आहे, आणि दिवाळीच्या सुमारास मला बोलावून मुलांबरोबर आकाशकंदील करून घेतले. ते कंदील डिसेंबरपर्यंत तसेच राहिले. शेजारी अ‍ॅडव्हेंटचे, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतले, कागदी तारे लागले तरी कुणी काढले नाहीत. नोव्हेंबरात इथे चार वाजता अंधार होतो, उजेड कुणाचाही चालतो.

माझ्या सासूबाईंना मात्र यातलं काहीच पटत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर प्रश्न ठरलेला, "अगं, चार वर्षांची झाली, अजून एबीसीडी नाही? इथे शेजारची मुलगी शंभरपर्यंत आकडे लिहिते." मी सांगते, आई, इथे सहाव्या वर्षी शाळेचा पहिला सक्तीचा वर्ग, तोही खेळीमेळीचा, पहिली सातव्या वर्षी आणि गुण सहावीपासून. त्या गप्प होतात, पण पटलं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर निम्मी मी त्यांच्याच बाजूची आहे. सरकारी अभ्यासक्रमात ध्येयं लिहिलेली आहेत ती शाळेने काय करायचं याची, मुलाला काय यायला हवं याची नव्हेत. पालकभेटीत तासभर बोलणं होतं, त्यात 'इतर मुलांपेक्षा' हा शब्दच येत नाही. मन शांत होतं हे कबूल, पण अक्षरांची गोडी लागलेल्या मुलाला थोडं जास्त द्यायला काय हरकत आहे, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

मग शिकवतात काय? कपडे घालायला. हसू नका. हिवाळ्यात लोकरीचा थर, त्यावर जाड ओव्हरऑल, पावसात रबराची पॅन्ट, हातमोजे, टोपी, बूट, आणि हे दिवसातून दोनदा, कारण हवा कशीही असो, बाहेर जायचंच. जॅकेटची त्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. जॅकेट जमिनीवर उताणं पसरायचं, त्याला जोडलेल्या टोपीच्या टोकाशी उभं राहायचं, वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे उडवायचं. अडीच वर्षांची मुलं हे करतात. टीचर शेजारी उभी असते, हात मागे बांधून. घाई दिसतच नाही. परत आल्यावर सगळं ओलं सामान एका गरम कपाटात वाळत घालायचं. त्या कपाटाचा वास, ओली लोकर आणि रबर, आता आमच्या घरालाही लागलाय.

सहलीला पिवळी चमकणारी जॅकेटं घालून ट्राममधून स्लॉट्सस्कूगन बागेत जातात. तिथे मूस नावाची भलीमोठी हरणं, पेंग्विन आणि सील फुकट बघायला मिळतात. आजारपणं मात्र सतत. फेब्रुवारीत आलटून पालटून आम्ही दोघं घरी. पगाराच्या जवळपास 80 टक्के सरकार देतं, म्हणून निभावतं. नाक गळणाऱ्या मुलाला चालवून घेतात, पण ताप आला की तासाभरात फोन.

आता पुढची तयारी सुरू झालीय. पहिलीपासून नगरपालिकेने मातृभाषेचा तास द्यावा अशी सोय कायद्यात आहे, पण नगरपालिकेत त्या भाषेची किमान पाच मुलं हवीत, मुलाला ती भाषा थोडीफार यायला हवी, आणि शिकवणारं कुणीतरी मिळायला हवं. व्होल्वोमुळे या शहरात मराठी घरं बरीच आहेत, तरी बहुतेक जण अर्ज करतच नाहीत. घरी बोलतोच की, म्हणतात. तर गोथेनबर्गमधल्या मराठी पालकांनो, अर्ज भरा. आणि तुमच्यापैकी कुणी भारतात मराठी शिकवत असाल आणि इकडे यायच्या तयारीत असाल, तर मला आधी कळवा.