दूरशिक्षणाचा कारभारी : डॉ. राम ताकवले

डॉ. राम ताकवले हे नाव माझ्या पिढीतील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रथम भेटले ते पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर. पुराणिक यांच्यासह त्यांनी लिहिलेले अभिजात यामिकीचे (क्लासिकल मेकॅनिक्सचे) इंग्रजी पुस्तक शिवाजी विद्यापीठात शिकताना आमच्या हाताखाली असे. त्याच गृहस्थांनी पुढे एक अख्खे विद्यापीठ उभे केले, याचे मोल मला कळले ते त्या विद्यापीठाच्या कोल्हापुरातील एका अभ्यासकेंद्राचे केंद्रसंयोजकपद, म्हणजे केंद्र चालवण्याचे काम, पत्करल्यानंतर.

ताकवले १९७८ ते १९८४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. जुलै १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिले कुलगुरू म्हणून त्यांच्याकडेच धुरा आली. तेथून ते दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले आणि १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले. मे २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. दिल्लीच्या त्या विद्यापीठाचे पहिले तीन कुलगुरू पाहिले, तर जी. राम रेड्डी पंचायत राज्याचे अभ्यासक असलेले राज्यशास्त्रज्ञ, कुलंदैस्वामी जलशास्त्रातील अभियंते आणि ताकवले भौतिकशास्त्रज्ञ. शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक यांत एकही नाही, आणि मला ते मुळीच आश्चर्याचे वाटत नाही.

याचे कारण असे की दूरशिक्षणात कारभार आणि अध्यापन या दोन वेगळ्या गोष्टी उरत नाहीत. नेहमीच्या महाविद्यालयात कचेरीचा कारभार कितीही ढिसाळ असला तरी एखादा चांगला प्राध्यापक वर्गात उभा राहून बरेच काही सावरून घेतो. मुक्त विद्यापीठात ती सोय नाही. एकाने पाठ्यपुस्तकाचा घटक लिहायचा, दुसऱ्याने तो संपादित करायचा, मग छपाई, गोदाम, अभ्यासकेंद्राकडे रवानगी, संमंत्रकांची (केंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांची) नेमणूक, संपर्कसत्रांचे (त्यांच्या प्रत्यक्ष भेटीच्या तासांचे) वेळापत्रक, गृहपाठ, परीक्षा आणि निकाल, अशी ही साखळी असते, आणि विद्यार्थ्याला ‘शिक्षक’ म्हणून जो काही भेटतो तो या संपूर्ण साखळीच्या रूपाने भेटतो. पुस्तकांचे गठ्ठे संपर्कसत्रे उरकल्यावर पोहोचले, तर त्या सत्रांत संमंत्रक कितीही तळमळीने बोलला तरी समोरच्याने काहीच वाचलेले नसते. अशा वेळी अध्यापन चुकलेले नसते, वाहतूक चुकलेली असते. पण नुकसान मात्र अध्यापनाचेच होते. म्हणूनच, आपल्याकडे ‘प्रशासक’ म्हटले की फायली अडवणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो (आणि तो अनुभव अगदीच निराधार नाही), तरी या क्षेत्रात कुलगुरूंपासून गोदामपालापर्यंत प्रत्येकजण शिकवतच असतो, असे मी मानतो.

कोल्हापूरच्या शैक्षणिक परंपरेशी ही कल्पना सहज जुळणारी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिने खेड्यातल्या मुलाला शहरात आणून शिकवले. मुक्त विद्यापीठाने उलट दिशा धरली आणि विद्यार्थ्याला त्याच्या कामावर व घरी राहू देऊन शिक्षण तिकडे नेले. मात्र या दिशेचा विचार करणारा एक थोर माणूस आपल्याच जिल्ह्यातला होता. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते, आणि नोकरी करणाऱ्यांना अंशकालीन किंवा स्वतःच्या सवडीने शिकता यावे, त्यासाठी पत्रद्वारा शिक्षण वाढवावे, असा त्या आयोगाचा आग्रह होता. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी त्यांचे नाव जोडले जाते. आयोगातल्या या दुसऱ्या कामाचा उल्लेख मात्र आपल्याकडे फारसा होत नाही.

नाशिकला बसून केलेले नियोजन कोल्हापुरात येऊन कसे अडखळते, याची उदाहरणे केंद्रसंयोजकाला रोज भेटतात. संपर्कसत्रे रविवारी ठेवणे कागदावर अगदी योग्य दिसते, पण वीजभार वाटून घेण्यासाठी औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुट्टी वेगळ्या वारी असू शकते, आणि मग शिरोलीच्या फौंड्रीतला विद्यार्थी रविवारीच पाळीवर असतो. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यातले विद्यार्थी काही महिने दिसेनासे होतात. हे सांगणारे पत्र वर पाठवणे आणि त्यावर निर्णय होईपर्यंत आपल्या पातळीवर संध्याकाळचे सत्र लावून मोकळे होणे, हे दोन्ही मी करत आलो.

पुढे या क्षेत्रावरची देखरेखही बदलली. दूरशिक्षण परिषद २०१३ मध्ये विसर्जित होऊन तिचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले, आणि २०२० च्या विनियमांनी मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणक्रम एकाच चौकटीत आणले. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे, हे आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, तरी ‘बाहेरून केलंय का?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातोच.

पुस्तके आता पीडीएफच्या रूपाने मोबाइलवर येतात, त्यामुळे गठ्ठ्यांची वाट पाहणे संपले आहे. गृहपाठ वाचून त्यावर शेरा लिहिण्याचे आणि तो शेरा परीक्षेआधी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र आजही संमंत्रकाच्या फावल्या वेळावर आणि तुटपुंज्या मानधनावर चालते, आणि नाशिकला ताकवल्यांच्या खुर्चीवर पुढे जे कोणी बसतील त्यांच्याकडून माझी पहिली अपेक्षा या मानधनाचा दर ठरवण्याची आहे.