सरांना विचार ना बापा!

ऑगस्ट आला की नागपुरातून कितीतरी पोट्टे-पोट्टी एमएसला अमेरिकेत निघतात, कुकर, मसाले, स्वेटर सगळं घरचे भरून देतात, पण तिथल्या प्रोफेसरशी बोलायचं कसं हे कोणीच सांगत नाही. मला ते फार खटकतं.

माझा मावसभाऊ टेक्सासला आहे, हुशार पोरगा. असाइनमेंट अडली तर इथल्या रात्री दीडला मला व्हॉट्सअ‍ॅप करून राहिला, ताई सर चिडतील का गं? मी म्हटलं आधी सिलॅबस उघड, म्हणजे कोर्सच्या सुरुवातीला सर देतात तो माहितीचा कागद. त्यात लिहिलेलंच होतं, ऑफिस अवर्स मंगळवारी 2 ते 4. तिकडे तेव्हा मंगळवारचे दुपारचे 3! म्हणजे सर पोरांसाठीच केबिनमध्ये बसून होते अन् हा लायब्ररीतून नागपूरला मेसेज टाकत होता.

आपल्याकडे इंटर्नलचे मार्क सरांच्या हातात असतात, स्टाफरूमच्या दारात उभं राहिलं तरी छातीत धडधडतं, ती भीती पोरं सोबत घेऊन जातात. पण तिथे गप्प बसलं की सरांना वाटतं याला सगळं समजलं.

मेलसुद्धा त्याने "रिस्पेक्टेड सर, होप यू आर इन गुड हेल्थ" इथून सुरू केला होता, मुद्दा पार खाली. आम्ही सगळं काढलं. सब्जेक्टमध्ये कोर्स नंबर, मग सरळ, तिसऱ्या प्रश्नात इथवर आलो, पुढे अडलो, आत्ता येऊ का? पाच मिनिटांत उत्तर, ये. अन् नावाचं म्हणाल तर ते स्वतः सांगत नाहीत तोवर प्रोफेसर अन् आडनाव.

एका बाबतीत मात्र एकट्या सरांवर विसंबू नका. कोर्स जड जातोय, सोडून दे असं ते अगदी चांगल्या मनाने सांगतील, पण एफ-1 व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, ठरलेला कोर्स लोड लागतो, तो कमी करायचा तर आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या कॉलेजच्याच अधिकाऱ्याची, परवानगी हवी. नंतर सांगून चालत नाही, व्हिसाचं स्टेटसच जाऊ शकतं.

मावशीला हे कळलं तर ती म्हणाली, मीच सरांना मेल टाकून विचारते ना कसा चाललाय त्याचा अभ्यास. मावशी, तिथे विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती खासगी ठेवणारा 1974 चा फेर्पा कायदा आहे, पोराने लिहून दिल्याशिवाय सर घरच्यांना सहसा मार्क सांगत नाहीत, फी तुम्ही भरली असली तरी. त्यालाच विचारा, अन् सरांकडे त्यालाच जाऊ द्या.