तुम्ही विचारलंत म्हणून: धुराला कसली आलीय चव?

"निपाणीचा माणूस तू, तंबाखूच्या खकाण्यात वाढलास. त्या विलायती पाइपात तुला चव तरी कसली लागते?"

मँचेस्टरमध्ये गणपतीचं जेवण झाल्यावर हा प्रश्न येतो, गावी चुलतभावांच्या बैठकीत येतो, मुलीच्या सासरीसुद्धा एकदा आला. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याचं ठरलेलं असतं की चवबिव सगळं थोतांड, व्यसनाला इंग्रजी कोट चढवलाय झालं. इतकी वर्षं मी हसून विषय बदलला. आज बदलत नाही.

आधी जे वादाचं नाही ते. पाइपात निकोटीन असतं आणि त्याची सवय लागते, मलाही लागली आहे. धूर छातीत ओढत नाही म्हणून कॅन्सर टळतो असंही नाही. ओठ, जीभ, घसा तिथेच तर असतात. हे मला माहीत आहे, त्यामुळे हे सांगायला कुणी फोन करू नये.

आता चव. मी ओढतो ते मुख्यतः इंग्लिश मिक्श्चर, म्हणजे व्हर्जिनिया, ओरिएंटल आणि लाटाकिया या तीन पानांचं. ब्रिटनमध्ये तंबाखूत वरून सुगंध आणि गोडवा घालण्यावर फार काळ कडक बंधनं होती. व्हॅनिला, चेरी वगैरे भरमसाट घालून पान झाकता येत नव्हतं, तेव्हा जे काय करायचं ते पानांच्याच जुळणीतून. व्हर्जिनिया भट्टीच्या गरम हवेत वाळवतात, त्यामुळे पानातली साखर टिकते. ओरिएंटल म्हणजे तुर्कस्तान, ग्रीस, मॅसेडोनियाकडची बोटाएवढी पानं, उन्हात वाळलेली, आंबूस सुवासाची. आणि लाटाकिया! नाव सीरियातल्या बंदराचं, पण अलीकडे येतो तो मुख्यतः सायप्रसहून. वाळलेलं पान तिथल्या झाडाझुडपांच्या धुरावर कित्येक आठवडे टांगून ठेवतात आणि ते काळंकुट्ट होऊन उतरतं. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युअल गाविथ कंपनीचं 'स्क्वाड्रन लीडर' हे माझं नेहमीचं मिक्श्चर. ती कंपनी आपलं मूळ 1792 सालचं सांगते. आमच्या घराण्याने त्या काळात काय केलं ते विचारू नका.

घाईने ओढलं तर यातलं काहीच कळत नाही, जीभ तेवढी पोळते. पहिली काडी फक्त वरचा थर करपवायला. मग तो हलका दाबायचा, पुन्हा पेटवायचं आणि विझेल की काय इतक्या संथपणे ओढायचं. तोंडातला थोडा धूर नाकावाटे सोडला की खरी चव उलगडते, कारण चवीचं बरंचसं काम नाकच करतं. सुरुवातीला लाटाकिया कुणाला बोलू देत नाही. अर्ध्या पाइपानंतर नाक त्याला सरावतं आणि मग मागचं ओरिएंटल पुढे येतं. शेवटी तळाशी व्हर्जिनियाचा भाजक्या पोळीसारखा गोडवा. हे मनाचे खेळ नव्हेत. डोळे मिटून दोन मिक्श्चर ओढायला द्या, कुठल्यात लाटाकिया जास्त ते मी सांगतो.

मात्र पूर्वी मी जी वही ठेवायचो ती आज उघडली की लाज वाटते, आणि मग रागही येतो. 'ओलं चामडं', 'पीटचा धूर', 'सुकवलेलं अंजीर' असं काय काय लिहून ठेवलंय. पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, ती मी तोवर कधी हुंगलीही नव्हती. सगळी भाषा डबीवरून आणि दुकानदाराच्या तोंडून उचललेली. तेव्हा तुमच्यापैकी कुणी 'थोतांड' म्हणालं असतं तर निम्मं बरोबर ठरलं असतं. पण चवीचे शब्द उसने म्हणून चवही उसनी, हे मला पटत नाही. त्या वहीवाल्या पोराशी माझं अजून भांडण आहे, आणि दर वेळी मीच जिंकतो असं नाही.

खरं तर या चवीची परीक्षा एकदाच झाली, आणि ती आईने घेतली.

आई निपाणीत वखारीत जर्दा चाळायला जायची. संध्याकाळी आली की आधी शिंका, मग बोलणं. 1981 साली शेतकऱ्यांनी तंबाखूला भाव मिळावा म्हणून महामार्ग अडवला आणि गोळीबारात माणसं मेली, तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या गावात तंबाखू म्हणजे भाव, वजन आणि मजुरी. चवीचं कुणी काढत नव्हतं.

ती इकडे मँचेस्टरला आली होती तेव्हा मागच्या शेडमध्ये मी डबी उघडलेली तिने पाहिली. मला वाटलं ओरडेल. तिने न विचारता चिमूट घेतली, अंगठ्याने तळहातावर पसरली आणि नखाने धागे वेगळे करायला लागली.

"हे उनात वाळलंय. हे पिवळं भट्टीचं. आन हे काळं..." तिने हात नाकाशी नेला आणि खुदकन हसली. "आरं, ही तर मशेरी हाय!"

मी तिला सायप्रस समजावू लागलो. तिचं लक्षच नव्हतं. काळा चुरा बोटावर घेऊन तिने हिरडीवर फिरवला, थुंकली आणि म्हणाली, "कडू न्हाई. धूर चांगला बसलाय." मग विचारलं, "केवढ्याला रं डबी?"

50 ग्रॅमचे दोन हजारांच्या वर होतात म्हटल्यावर ती गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तिकडं चाळाय बायकाच असत्यात काय?"

मला सांगता आलं नाही. लाटाकियाला कुठल्या झाडाची धुरी देतात ते मला ठाऊक होतं.

पुढल्या वर्षी कोल्हापुरात दातांच्या डॉक्टरांना तिच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दोघं घरात एकमेकांकडे बघत नव्हतो. तिला मशेरी सोड म्हणून मी कॉलेजपासून सांगत आलो होतो, पाइप हातात आल्यावरसुद्धा. रिपोर्ट कॅन्सरचा नव्हता. पेशींत थोडा बदल होता, तंबाखू बंद करा आणि तपासत राहा, असं डॉक्टर म्हणाले. घरात आणखी कोण खातं, हे त्यांनी विचारल्यावर आईने माझ्याकडे बोट केलं. मग मलाही त्याच खुर्चीत बसवून माझं तोंड बॅटरी लावून बघितलं. मला काही निघालं नाही.

बाहेर रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तुजी मशेरी आन माजी मशेरी, दोनी एकदम सोडू."

मी "बघू" म्हणालो. तिने त्याच आठवड्यात सोडली.

ती सोपेपणाने सोडू शकली कारण तिची नुसती सवय होती, माझी चव आहे, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते टिकलं नाही. परवा फोनवर ती सांगत होती, तव्यावर तंबाखू किती भाजायची याचा तिचा अंदाज कुणालाच साधला नाही. एक मिनिट जास्त झालं तर राख, कमी झालं तर कच्चट. कुठल्या रानातलं पान मशेरीला गोड लागतं तेही तिला कळायचं, काळ्या रानातलं वेगळं, माळाचं वेगळं. सगळं लक्षात, वही नसताना. तिला जन्मात कुणी विचारलं नाही की बाई, तुला चव कसली लागते? तिच्या मशेरीला सगळे घाण म्हणाले, माझ्या पाइपाला निदान थोतांड तरी म्हणतात.

त्यामुळे चव लागते, हे माझं उत्तर. ती लागल्याने कुणाचं तोंड वाचत नाही, तिचंही नाही, माझंही नाही. आणि मग सोडत का नाहीस, हा तुमच्या ओठावरचा पुढचा प्रश्न तुम्ही नाही विचारलात तरी चालेल. आई दर रविवारी विचारते. मी "कमी केलीय" म्हणतो, आणि ते थोडंफार खरं आहे.