गरोदरपणातील जुनी कंबरदुखी

माझी कंबरदुखी लग्नाआधीपासूनची. सातव्या महिन्यात मात्र फोंड्याहून पणजीला बसने उभ्याने जाणे असह्य झाले. गरोदरपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल होतात आणि वाढत्या पोटाने शरीराचा तोल पुढे सरकतो, त्यामुळे आधीच दुखऱ्या कमरेवर अधिक ताण येतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेली सवय मला सर्वांत मोलाची वाटते: कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्यावी आणि उठताना आधी पाय पलंगावरून खाली सोडून, हाताने रेटा देत सावकाश बसावे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. २० आठवड्यांनंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकते. दुखणे ठरावीक अंतराने कळांसारखे येऊ लागले, रक्तस्राव झाला, ताप आला किंवा लघवीला जळजळ होऊ लागली, तर नेहमीचीच कंबरदुखी समजून घरी थांबू नये, तातडीने डॉक्टरांकडे जावे.