अयुथया : आईबरोबर पाहिलेली दुसरी अयोध्या

अयुथयाला जायचं ठरलं की आदल्या रात्री हॉटेलवर बसून तिथल्या देवळांची नावं एकदा मोठ्याने वाचा. श्री सांफेत. छायवत्थनाराम. मोंगखोन बोफित. पहिल्यांदा जीभ अडखळते, मग एकेक नाव उलगडायला लागतं: श्रीसर्वज्ञ, जयवर्धनाराम, मंगल-पवित्र. थायलंडच्या या जुन्या राजधानीचं नाव तर सरळ अयोध्येवरूनच आलेलं. १३५१ साली ते वसवणाऱ्या राजाने स्वतःला बिरुद घेतलं 'रामाथिबोदी', म्हणजे रामाधिपती.

बरेच पर्यटक बँकॉकहून येतात, दोन-तीन तास विटांचे पडके मनोरे पाहतात आणि 'सगळी देवळं सारखीच' म्हणून परत जातात. आपल्याला तसं जायचं काहीच कारण नाही. या शहराची अर्धी किल्ली आपल्या तोंडात आहे, उरलेली अर्धी चांगल्या गाइडकडे असते. आम्ही जानेवारीत गेलो, मी, माझी अडुसष्ट वर्षांची आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. दिवसभर एक स्थानिक गाइड बरोबर घेतली आणि सहलीतला सगळ्यात भरलेला दिवस तोच ठरला.

आधी जाण्याचं सांगते. बँकॉकपासून अयुथया उत्तरेला साधारण ७०-८० किलोमीटर. बँकॉकहूनच गाडी आणि गाइड घेऊन निघता येतं, पण ते महाग पडतं आणि सकाळचा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो. आम्ही हुआ लाम्फोंग स्टेशनवरून सकाळची साधी गाडी पकडली. पंख्याचा तिसरा वर्ग, उघड्या खिडक्या, तिकीट वीस बाटच्या आसपास आणि दोनेक तासांचा प्रवास. हुआ लाम्फोंगला मेट्रो थेट जाते. एक लक्षात ठेवा, २०२३ पासून लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या, नव्या मोठ्या स्टेशनवरून सुटतात. तेव्हा आपली गाडी कुठून आहे ते आदल्या दिवशी बघून घ्या. गाइडला अयुथयाच्या स्टेशनवर बोलवा, म्हणजे तिचे आणि गाडीचे पैसे फक्त तिथल्या तासांचे द्यावे लागतात.

थायलंडमध्ये गाइडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठी राखीव आहे आणि परवान्याचं कार्ड गळ्यात असावं लागतं. ते बघूनच ठरवा. पैसे बोलताना चार गोष्टी स्पष्ट विचारा. गाडी धरून आहे का, प्रवेशतिकिटं कोणाची, संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबणार आणि वाटेत दुकानांत नेणार का. शेवटच्या प्रश्नाला मी आधीच लिहून टाकलं होतं, 'दुकानं नकोत, जास्तीचा वेळ देवळांना द्या.' तिने ते अक्षरशः पाळलं.

पन्नाशीची, बारीक, हातात मोठी छत्री. आम्ही तिला 'पी' म्हणायला लागलो. थाईत मोठ्या भावंडाला, मग ताई असो की दादा, पी म्हणतात आणि परक्या पण आपल्याहून मोठ्या माणसालाही तशीच हाक मारतात. आई तिच्याहून मोठी, तरी आईनेही पीच म्हटलं. तिला ते फार आवडलं.

पी पहिल्यांदा वत याय छायमोंगखोनला घेऊन गेली. वत म्हणजे देऊळ, याय म्हणजे मोठं, पुढचं आपलं जयमंगल. हे जुन्या शहराच्या बेटाबाहेर, स्टेशनच्याच बाजूला आहे. (चाव फ्राया, पा साक आणि लोपबुरी या तीन नद्यांनी वेढल्यामुळे जुनं शहर बेटासारखं झालं आहे.) आत शिरताच उघड्यावर झोपलेल्या बुद्धाची पांढरी मूर्ती, अंगावर भगवं वस्त्र. तिथे पीने आईला विचारलं, तुमचा जन्म कुठल्या वारचा? आपल्याकडे हा प्रश्न ज्योतिषी विचारतो, तिथे तो देवळात कोणीही विचारतं, कारण प्रत्येक वाराची बुद्धाची एक मुद्रा ठरलेली आहे. आई म्हणाली, मंगळवार. पीने टाळी वाजवली, 'वान अंगखान! मग हाच तुमचा बुद्ध.' मंगळवारचा बुद्ध पहुडलेला असतो.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, 'अगं, अंगारक म्हणतेय ती. अंगारकीतला अंगारक.'

मग दोघींनी तिथेच सगळे वार म्हणून काढले. आथित म्हणजे आदित्य. चान, चंद्र. फुत, बुध. फ्रुहत, बृहस्पती. सुक, शुक्र. साओ, शनी. बुधवारला दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी मुद्रा, म्हणून वार सात पण मूर्ती आठ. त्या क्षणापासून आई दिवसभर शब्द गोळा करत राहिली. वेला म्हणजे वेळ. आहान म्हणजे आहार. फासा म्हणजे भाषा. जाणार असाल तर आपल्या जन्माचा वार माहीत करून घेऊन जा, तेवढ्याने तिथल्या लोकांशी बोलायला सुरुवात होते.

याच आवारात एक प्रचंड चेदी आहे. चेदी म्हणजे चैत्य. कार्ल्याच्या चैत्यगृहात आपण जो दगडी स्तूप बघतो तोच इथे विटांचा, घंटेसारखा होऊन आकाशात गेलेला. राजा नरेसुआनने १५९३ साली हत्तीवरून लढून बर्माच्या युवराजाला मारलं, त्या विजयाची ही चेदी, असं परंपरा सांगते. मधल्या टप्प्यापर्यंत जिना आहे. मुलगी चढली, आई खालीच बसली. पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील तर हट्ट नको.

तिथून जवळच वत फनान छेंग. अवशेष नाही, पूर्ण गजबजलेलं देऊळ. १३२४ सालचं, म्हणजे राजधानीच्याही आधीचं, आणि आत एकोणीस मीटर उंचीचा बसलेला सोनेरी बुद्ध. १७६७ मध्ये बर्मी सैन्यापुढे शहर पडायच्या आधी याच्या डोळ्यांतून पाणी आलं, अशी आख्यायिका आहे. पण इथे खरं पाहायचं ते वस्त्र अर्पण करणं. लोक भगव्या कापडाचे गठ्ठे विकत घेऊन देतात. मूर्तीच्या मांडीवर माणसं उभी असतात. खालून गठ्ठा वर फेकला जातो, ती तो झेलतात आणि मूर्तीला पांघरतात. मग लांबच लांब कापडाचं टोक खाली सोडतात आणि ते बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यांवरून पसरतं. आम्ही नुसत्या बघत बाजूला बसलो होतो. कोणीतरी कापडाची कड आमच्याकडेही ओढली. डोळ्यांसमोर सगळं भगवं झालं. आत नव्या कापडाचा आणि उदबत्तीचा वास, शेजारच्या बाईचा हळू आवाजातला पाठ, आणि तिने आईचा हात धरून कापडाला लावला. काही क्षणच. वस्त्र वर ओढलं गेलं तेव्हा आईने हात जोडलेलेच होते. तुम्ही गेलात तर फोटो काढून लगेच निघू नका, अर्धा तास बसा.

अशा चालत्या देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर, बसताना पाय मूर्तीकडे नकोत. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, हातात काही द्यायचं असेल तर समोर ठेवावं.

मग पूल ओलांडून बेटावर, वत महाथातला. हे महाधातू. इथे धातू म्हणजे अवशेष, बुद्धाचे पवित्र अवशेष जिथे ठेवले ते देऊळ. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक, ज्याचा फोटो सगळीकडे दिसतो, ते इथलंच. गर्दी असते, पण तिथली शिस्त पाळण्यासारखी आहे. फोटो काढताना आपलं डोकं बुद्धाच्या मस्तकापेक्षा वर ठेवायचं नाही, खाली बसायचं. मुळांनी चेहरा असा धरलाय की कपाळावर एक जाड मूळ आणि हनुवटीखाली दुसरं, आणि मधे ते शांत, किंचित झुकलेले ओठ. आजूबाजूला मात्र रांगेने बिनडोक्याचे बुद्ध बसलेत. हे सगळं बर्मी सैन्याने केलं असं आपण गृहीत धरतो. पीने सांगितलं की तेवढंच खरं नाही. शहर पडल्यावर पुढे कितीतरी वर्षं मूर्तिचोरांनी मस्तकं कापून विकली. आणि विटा? त्या नव्या राजधानीच्या, बँकॉकच्या बांधकामासाठी नदीतून होड्यांनी नेल्या. बँकॉकच्या लांबलचक अधिकृत नावातही 'महिन्थरा अयुथया' हे शब्द आजही आहेत. शहर गेलं, नाव पुढच्या राजधानीने सोबत नेलं. अयोध्या म्हणजे जिच्याशी युद्ध करता येत नाही ती, हे आईने पीला समजावून सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही.

रस्त्यापलीकडचं वत राचबुराना चुकवू नका. दोन भाऊ गादीसाठी हत्तींवरून लढले, दोघेही मेले आणि राजा झालेल्या तिसऱ्याने १४२४ मध्ये त्या जागी हे बांधलं. मधल्या मनोऱ्याच्या पोटात अरुंद, सरळसोट जिना उतरतो आणि खाली छोट्या खोलीत पुसट भित्तिचित्रं आहेत. १९५७ मध्ये चोरांनी हीच खोली फोडली होती. उरलेलं आणि परत मिळालेलं सोनं चाव साम फ्राया राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि दुपारी बारा ते तीन जायची जागा तीच. आत सावली आहे, गारवा आहे आणि आधी जिथून आलात त्या खोलीतलाच रत्नं जडवलेला, गुडघे टेकलेला इवला सोन्याचा हत्ती समोर येतो. तो आधी बघून मग खोली बघण्यापेक्षा हाच क्रम चांगला. संग्रहालय आठवड्याच्या सुरुवातीला बंद असतं, दिवस ठरवण्याआधी तपासा.

दुपारचं ऊन मी हलकं घेतलं होतं. जानेवारी म्हणजे थंडी असं आपलं गणित, पण महाथातमध्ये झाडं कमी आणि विटा तापलेल्या. साडेअकराला आईला गरगरायला लागलं. पीने तिला सावलीत बसवून थंड शहाळं पाजलं आणि पुढचं सगळं अर्धा तास पुढे ढकललं. टोपी, छत्री आणि माणशी एक मोठी बाटली पाणी सकाळपासून हातात हवी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच बरे महिने. एप्रिलमध्ये ऊन सोसत नाही आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात नद्या चढतात. २०११ च्या महापुरात इथली बरीच देवळं पाण्यात होती.

जेवणाचं. शाकाहारी असाल तर 'मांगसाविरात' हा शब्द पाठ करा. मांसविरती! पण त्याने अंडं सुटत नाही आणि माशाचा सॉस तर जवळजवळ सगळ्यात पडतो. म्हणून 'माय साय नाम प्ला' (माशाचा सॉस नको) आणि 'माय साय खाय' (अंडं नको) हेही सांगा. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान मिळालं तर प्रश्नच नाही, तिथे कांदा-लसूणही नसतो. मासे खाणाऱ्यांनी नदीतली मोठी भाजलेली कोळंबी खावी, अयुथयाची ती खासियत आहे. भाव मात्र आधी विचारा, वजनावर लावतात.

गोडात रोती साय माय. पातळ, मऊ पोळीत साखरेचे रेशमासारखे तार गुंडाळून खायचे. सुतरफेणी हाताने आणखी ओढून लांब केली तर जशी होईल तसं. इथली मुसलमान कुटुंबं हे करतात आणि पोळी तुमच्यासमोर तव्यावर पीठ थापून निघते. पिवळे गोड अंड्याचे तारही दिसतील, 'फॉय थोंग'. ते पिवळ्या बलकाचे असतात, शाकाहारींनी ध्यानात ठेवावं. ते पोर्तुगीजांकडून आले. १५१० मध्ये गोवा आणि पुढच्याच वर्षी मलाक्का घेतल्यावर अल्बुकर्कने इथल्या राजाकडे दूत पाठवला होता, आणि पुढे नदीकाठी पोर्तुगीजांची वस्तीच झाली.

साडेतीननंतर वत फ्रा श्री सांफेत. राजवाड्यातलं देऊळ, राजांच्या अस्थी असलेल्या तीन चेद्या एका रांगेत. शेजारीच मोंगखोन बोफितच्या विहारात भव्य बुद्धमूर्ती आहे. विहार म्हटलं की आपल्याला अजिंठ्यातल्या भिक्षूंच्या खोल्या आठवतात. इथे विहान म्हणजे लोकांनी दर्शनाला यायचं सभागृह. जवळच हत्तीवरून फेरी मिळते. आम्ही घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. डांबरी रस्त्यावर, उन्हात, पाठीवर लोखंडी हौदा घेऊन चालणारा तो प्राणी बघवत नाही.

मुख्य अवशेषस्थळांना वेगळी तिकिटं लागतात, पण सहा ठिकाणांचं एकत्र तिकीट मिळतं. त्यातली बहुतेक बघणार असाल तर सकाळीच तेच घ्या.

संध्याकाळ छायवत्थनारामसाठी राखून ठेवा. नदीच्या पश्चिम काठावर, १६३० मध्ये राजा प्रासात थोंगने बांधलेलं. मधला उंच मनोरा म्हणजे मेरू पर्वत आणि भोवती लहान शिखरं. थाई मुलं-मुली भाड्याने जुना दरबारी पोशाख घालून फोटोंना येतात, बाहेर दुकानं आहेत. माझ्या मुलीने हिरवा घेतला आणि आईने, कोणी आग्रह न करता, केशरी. बंद व्हायची वेळ गाइडला विचारून तासभर आधी पोचा आणि गाडी सोडू नका, या बाजूला परत जायला वाहन सहज मिळत नाही.

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. आईने समोरच्या आजींना मनगटाकडे बोट दाखवून विचारलं, 'वेला?' आजींनी लगेच हात पुढे करून घड्याळ तिच्याकडे वळवलं. पावणेआठ. मग आईने रोती साय मायचा पुडा उघडला आणि दोघींच्या मधे ठेवला.