रिक्षकाचा रिक्षावाला

बेळगावात माझे डीटीपीचे दुकान आहे. मराठी आणि कन्नड, दोन्ही लिपींतील कामे येतात. त्या दिवशी एका प्राध्यापिकाबाईंचा प्रबंध टाइप करत होतो. 'मीम' हा शब्द जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 मध्ये योजला तो मोबाइलवरच्या विनोदी चित्रांसाठी नव्हे, तर चाल, म्हण, पोशाखाची रीत असे जे जे नकलेने एका डोक्यातून दुसऱ्यात जाते त्या सर्वांसाठी, आणि दीर्घायुष्य, भराभर वाढ व नकलेतील अचूकता हे तीन गुण त्याला तारतात, इथवर मजकूर आला असताना खानापूरकडचे एक आजोबा देवीचे पत्रक घेऊन आले.

"मालक, हजार कॉपी काढा. अक्षर बदलू नका."

प्रती वाटणाऱ्याचे कल्याण, फाडणाऱ्याचे नुकसान, असा तो नेहमीचाच मजकूर होता. वाचणाऱ्याकडूनच स्वतःची नक्कल करून घेणाऱ्या अशाच एका साखळीपत्राला ऑलिव्हर गुडइनफ आणि डॉकिन्स यांनी 1994 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मनाचा विषाणू म्हटल्याचे मी तासाभरापूर्वीच टाइप केले होते. मी अडखळलो ते पुढच्या ओळीवर: 'निपाणीच्या एका रिक्षावाल्याने मनोभावे मनोभावे पत्रके वाटली, त्याला लॉटरी लागली.' (कर्नाटकात 2007 पासून लॉटरीवर बंदी आहे, पत्रकाला त्याचे सोयरसुतक नाही.)

ते दुहेरी 'मनोभावे' माझे होते. जुनी फाइल उघडली. काही वर्षांपूर्वी झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून मी हेच पत्रक टाइप केले होते. नेमक्या घडीवर 'शिक्षक'मधल्या 'श'ची उभी रेघ उडाली होती आणि मी डोळे मिटून 'रिक्षकाने' असे टाकले होते, पुढे 'त्याला बढती मिळाली'. नंतरच्या कोणा टायपिस्टने अर्थ लागेना म्हणून रिक्षकाचा रिक्षावाला केला असणार, आणि रिक्षावाल्याला बढती कोण देणार, म्हणून लॉटरी आली. 'मनोभावे' मात्र भक्तीचा जोर समजून सर्वांनी जपले.

मग ड्रॉवरमधले गोकाककडून आलेले कन्नड पत्रक काढले. त्यात शिक्षकच होता, बढतीही होती आणि 'मनोभावे'ची द्विरुक्ती नव्हती. म्हणजे ती शाखा माझ्या चुकीच्या आधीच फुटलेली. चार्ल्स बेनेट, मिंग ली आणि बिन मा या संशोधकांनी 33 साखळीपत्रांची अशीच वंशावळ लावून ती 2003 मध्ये प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध केले तेव्हा त्यांनाही अशाच नकलांच्या घोळातून वाट काढावी लागली असेल. मीमच्या कल्पनेवरचा मानववंशशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांचा आक्षेपही मला तेव्हाच कळला: माणूस ऐकलेले जसेच्या तसे उतरवत नाही, आपल्याला पटेल असे पुन्हा घडवतो. मी तेवढा यंत्रासारखा वागलो, म्हणून 'रिक्षक' जन्मला; पुढच्याने विचार केला, म्हणून तो मेला.

आजोबांना सगळे सांगितले आणि मूळचा शिक्षक परत घालू का, असे विचारले. त्यांनी चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली.

"रिक्षावालाच राहू दे की. बढतीसाठी कोण हजार कागद वाटतंय?"

एक रीम ए-फोर काढली, मधोमध कापली आणि संध्याकाळपर्यंत गठ्ठा बांधून दिला.