छतावरची म्हैस

माझी लेक सातव्या महिन्यात जन्मली. वजन 1 किलो 300 ग्रॅम. 34 दिवस ती काचेच्या पेटीत होती. तिला उघड्या छातीशी धरायला मला आत बोलवायचे, तेव्हा इनचार्ज सिस्टर आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावायच्या. मी पेंटर. नखांच्या कडेला बसलेला ऑइलपेंट नुसत्या साबणाने जात नाही. सिस्टर माझी बोटं धरून ब्रशने घासायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता जावा लेकीकडं."

घरी सोडलं त्या दिवशी पेढे नेले. त्यांच्यासाठी साडीही नेली होती, ती त्यांनी परत केली. म्हणाल्या, "द्यायचंच असंल तर कधीतरी आमच्या भिंतींकडं बघा."

ते मनात राहिलं. लेक पाच वर्षांची झाली तेव्हा हाताखालची दोन पोरं, चढायची घोडी आणि रंगाचे डबे घेऊन त्याच बालविभागात गेलो.

माझे वडील सिनेमाचे बॅनर रंगवायचे. कोल्हापुरात 'पेंटर' हा शब्द मानाचा. बाबूराव मेस्त्रींना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो. फ्लेक्स आला, बॅनर गेले, आणि मी घरांच्या भिंतींवर आलो. त्यामुळे चित्र काढायला मिळणार याचाच मला मोठा आनंद होता. नवजात बाळांच्या खोलीसाठी मनात पक्कं ठरवलं होतं, पिवळाधमक सूर्य काढायचा.

सिस्टरांनी डब्याचं झाकण उघडू दिलं नाही. "इथं पिवळा नको. इथल्या निम्म्याहून जास्त बाळांना कावीळ होते. ती आम्ही आधी कातडीच्या रंगावरून ओळखतो. भिंतीची झाक बाळाच्या अंगावर पडली तर काय बघायचं आम्ही?"

मी गप्प झालो, कारण ही गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. नायिकेच्या अंगावर लाल साडी असली की हनुवटीखाली लालसर झाक मारायची, हे वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. रंग कधी आपल्या जागेवर थांबत नाही. माझी लेकही डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडाखाली होती, ती कावीळ उतरावी म्हणूनच. आणि तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरापलीकडचं स्पष्ट दिसतही नाही. सूर्य बघायची गरज बाहेरच्या पॅसेजमध्ये बसलेल्या आयांना आहे, तिथं काढा, असं सिस्टर म्हणाल्या. मग सूर्य बाहेर उगवला, जिथं मी 34 दिवस उभा होतो तिथंच.

मोठ्या मुलांच्या वॉर्डात सगळं काम पाण्याच्या, कमी वासाच्या रंगात. ऑइलपेंट धुवायला सोपा, पण त्याचा आणि टर्पेंटाइनचा वास दमेकरी पोरांना सोसत नाही. धुता येईल असा इमल्शन घेतला. एकेक कोपरा रिकामा करायचा, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, प्रायमर, मग रंगाचे दोन हात. चौथ्या दिवशी भिंतीवर रंकाळा, बदकं, तालमीतले पैलवान असं सगळं तयार झालं.

कोपऱ्यात राधानगरीकडचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून ताणून ठेवलेला. त्याला विचारलं, "कसं झालंय?"

"मला काय दिसतंय काका? निजून पंखाच दिसतोय."

शेजारची कॉट रिकामी होती. सिस्टरांना विचारून मी तिच्यावर उताणा पडलो. खरंच, पंखा, ट्यूब आणि जुन्या गळतीचा तपकिरी डाग. मी चार दिवस उभ्या माणसाच्या नजरेनं चित्रं काढत होतो, आणि ती बघणारी पोरं आडवी होती.

"तुला काय पाहिजे वर?"

"आमची म्हस."

त्याची कॉट वजनासकट दुसऱ्या टोकाला सरकवली. डाग खरवडला, लांबी भरली, आणि मी घोडीवर चढून मान मागे टाकून म्हैस काढायला लागलो. तिकडून त्याचा आवाज सुरूच. "शिंगं तशी नसत्यात! मागं जात्यात, पार खांद्यापतोर." पंढरपुरी म्हैस होती त्यांची. शिंगं पुसून पुन्हा काढली. मग कपाळावर पांढरा ठिपका, मग पाठीवर बगळा. हळूहळू आसपासची पोरंही सांगायला लागली. एकाला सुई टोचत होते, तो रडता रडता "शेपूट राहिलं" म्हणाला.

संध्याकाळी रंग सुकल्यावर कॉट परत जागेवर आणली. मुलगा बराच वेळ वर बघत राहिला. त्याची आई माझ्यासाठी चहा घेऊन आली होती. कप हातात घेतला तेवढ्यात तो म्हणाला, "आणि रेडकू कुठाय तिचं?"

चहा तसाच ठेवून मी पोरांना हाक मारली. कॉट पुन्हा सरकवली, घोडी लावली आणि काळ्या रंगाचा डबा उघडला.